सावधचित्ततेचा इतिहास आणि तिचें फळ

सुशिक्षित घरांतून हल्लीं ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वारंवार ऐकूं येतो. रक्तदाब, निद्रानाश, कचेरींतील दगदग, मुलांच्या परीक्षा, या साऱ्यांवर तें एकच औषध, असा समज पसरत आहे. शब्द परदेशी म्हणून वस्तूही परदेशी असावी असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक हा शब्द म्हणजे पालि ‘सति’ या शब्दाचें भाषांतर होय. संस्कृतांतील ‘स्मृति’ ती हीच. मात्र येथें तिचा अर्थ गेल्या गोष्टी आठवणें असा नसून, चालू क्षणीं देहांत व मनांत काय घडत आहे याचें भान सुटूं न देणें असा आहे. ऱ्हिस डेव्हिड्स या पंडितानें १८८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या बौद्ध सूत्रांच्या भाषांतरांत तो इंग्रजी शब्द योजिला, आणि पुढें तोच रूढ झाला.

या विद्येचीं जुनीं स्थानें आम्हांपासून फार दूर नाहींत. करमाळा तालुक्यांतील जेऊरहून लोहमार्गानें मुंबईच्या दिशेस निघावें. दौंड व पुणें मागें पडल्यावर लोणावळ्याच्या अलीकडे मळवली लागतें. रुळांच्या एका बाजूस कार्लें, दुसऱ्या बाजूस भाजें. भाज्याचीं लेणीं इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकापर्यंत मागें जातात. प्रवासी चैत्यगृहाची भव्य कमान पाहून परततो. विहारांतील लहान खोल्याही त्यानें पाहाव्या अशी आमची विनंति आहे. एका माणसापुरती जागा आणि निजावयास दगडी ओटा, एवढाच तेथील संसार! भिक्षूंच्या सूत्रांत श्वासाकडे लक्ष देण्याची जी रीत आहे, तींत श्वास अडवावयाचा नाहीं कीं मुद्दाम लांबवावयाचा नाहीं. तो जसा असेल तसा नुसता जाणावयाचा.

महाराष्ट्रांत ही परंपरा कालांतरानें लोपली; सिंहल व ब्रह्मदेश येथें ती टिकली. तिचा धागा मराठी वाचकांच्या हातीं पुन्हा देणाऱ्यांत गोमंतकांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी अग्रगण्य होत. १९०२ सालीं ते सिंहलद्वीपास गेले, तेथें पालि शिकले, पुढें ब्रह्मदेशांतही राहिले. १९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत त्यांनीं पालि शिकविली, आणि ‘समाधिमार्ग’ लिहून या साधनेचा परिचय करून दिला.

आचरणाची वाटही ब्रह्मदेशांतूनच परत आली. मंडाले येथें १९२४ सालीं जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका यांस अर्धशिशीचा असह्य विकार होता. औषधें थकलीं, तेव्हां ते सरकारी अधिकारी व ध्यानगुरु ऊ बा खिन यांजकडे गेले. केवळ डोकेदुखीसाठीं येणाऱ्यास गुरूंनीं प्रथम नकार दिला. त्यांच्या मतें ही विद्या चित्तशुद्धीची. व्याधिनिवारण हें तिचें आनुषंगिक फळ. तें मान्य करून गोएंका १९५५ सालीं पहिल्या शिबिरास बसले. १९६९ सालीं ते भारतांत आले, आणि १९७६ सालीं इगतपुरीस धम्मगिरीचें केंद्र सुरू झालें. तेथील दहा दिवसांच्या शिबिरांत मौन पाळून प्रथम श्वास, मग सर्वांगांतील संवेदना तटस्थपणें पाहावयाच्या असतात.

‘आनुषंगिक फळ’ या दोन शब्दांत आजच्या वादाचा निर्णय आहे असें आम्हांस वाटतें. फळ खरें आहे. १९७९ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयांत जॉन कबाट-झिन यांनीं जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठीं असा अभ्यासक्रम आरंभिला. २०१४ सालीं ध्यानाच्या ४७ प्रयोगांचा, म्हणजे ३,५१५ माणसांचा, एकत्र विचार झाला. चिंता, खिन्नता व वेदना यांस बेताचा उतार पडतो असें दिसलें. झोप व वजन यांविषयीं ठाम पुरावा मिळाला नाहीं, आणि व्यायाम किंवा औषधें यांहून ध्यान सरस असल्याचेंही आढळलें नाहीं.

अशी तपासणी म्हणजे श्रद्धेचा अपमान नव्हे. भाज्यापासून थोड्याच अंतरावर, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापिलें, तें योगक्रियांचे परिणाम शास्त्रीय उपकरणांनीं पारखण्याच्या हेतूनेंच. आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकांत ते निष्कर्ष मांडले. तीच वृत्ति येथेंही ठेवावी. मनाचा गंभीर विकार असलेल्यानें डॉक्टरांचा सल्ला सोडूं नये. इतरांनीं रोज थोडा वेळ स्वस्थ बसून पाहावें. मन शांत झालें, झोप लागली, तर तो लाभ आनंदानें घ्यावा. परंतु तेवढ्यासाठींच बसलेला मनुष्य लाभ न दिसतांच उठून जाईल, आणि स्वतःस जाणण्याचा मुख्य लाभ त्याचा राहून जाईल.