गलबतांची छावणी

मागच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मी विजयदुर्गला गेलो, तेव्हा किल्ल्यापेक्षा जास्त वेळ धक्क्याजवळच गेला. दहाबारा माणसं एक होडी पाण्यातून वर ओढत होती. खाली लाकडी ओंडके, पुढे दोर, आणि प्रत्येक हिसक्याला एकसुरात आरोळी. होडी वर आली, टेकू लागले, जाळी आणि इंजिन उतरलं. मग बांबूचा सांगाडा उभा राहिला आणि त्यावर माडाच्या झापांचं छप्पर चढायला लागलं. याला होडी शाकारणं म्हणतात. घर शाकारतात तसंच. आता बऱ्याच ठिकाणी झापांच्या जागी निळं प्लास्टिक आलंय, पण शब्द तोच आहे.

मी एका काकांना विचारलं, "आता किती दिवस?" ते हसून म्हणाले, "चार म्हयने होडी घरात, आणि आम्ही दारात."

सरकारी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची. पण काकांचं कॅलेंडर त्याहून जुनं आहे. मृगाआधी होडी वर घ्यायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्या उघडायचा. शिडांच्या काळात याला पर्यायच नव्हता. नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर आदळतो. शिडाचं जहाज त्या वाऱ्यात किनाऱ्याजवळ सापडलं तर खडकाकडेच ढकललं जाणार. 'मोसम' हा शब्द मुळात अरबी, आणि इंग्रजीतला 'मान्सून'ही त्याच्यातूनच आलेला. दर्यावर्दी माणसांसाठी मोसम म्हणजे ये-जा करण्याचा ठरलेला काळ.

शाळेत मराठा आरमार शिकताना आपण लढाया पाठ केल्या. हे आरमार वर्षातले चार महिने काय करत होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. उत्तर सोपं आहे. ते घरी होतं. आणि घरी असणं हे मोठं काम होतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715च्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजबांधणीसाठी साग तोडताना काय पाळावं आणि रयतेच्या आंब्याफणसाला हात का लावू नये, हा त्यातला भाग बहुतेकांना माहीत असतो. पण पावसाळ्यात जहाजं कुठे ठेवावीत, याचाही विचार तिथे आहे. समुद्र खवळायच्या आधीच आरमार छावणीला न्यावं. उघड्या समुद्रावर नको, किल्ल्याचा आधार असलेल्या खाडीत ठेवावं. आणि दरवर्षी एकाच बंदरात नको, बंदर बदलत राहावं. मला यात अनुभवी माणसाची काळजी दिसते. शेकडो रिकामे खलाशी चार महिने एकाच गावात बसले, तर त्या गावाचं काय होईल?

'छावणी' म्हटलं की आपल्याला सैन्याचा तळ आठवतो. पण या शब्दाचा जुना अर्थ छप्पर घालणं, आच्छादणं असाही आहे. पावसाळ्यात मुक्काम करायचा तर आधी छप्पर लागतं, त्यावरून तो मुक्कामच छावणी झाला. म्हणजे होडी शाकारणारे काका आणि आरमार छावणीला नेणारे अमात्य एकाच कामाबद्दल बोलत होते.

या चार महिन्यांत कामही भरपूर असायचं. उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असतात. ते दिसतात अळीसारखे, पण शिंपल्यांच्या कुळातले. तळ पाण्याबाहेर काढून साफ करायचा, सांध्यांत कापूस ठोकायचा, तेल पाजायचं, कुजलेली फळी बदलायची. शिडं आणि दोर कोरड्या जागी ठेवायचे. लहान गलबतं काठावर ओढता येत. मोठ्या गुराबांचं काय? त्याचं उत्तर विजयदुर्गापासून सुमारे तीन किलोमीटर आत, वाघोटण खाडीत गिर्ये इथे आहे. तिथे खडकात कोरलेली आंग्रेकालीन गोदी आहे, सुमारे 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. जहाजं तिथे बांधली जात आणि दुरुस्तही होत. उघडा समुद्र तिथून दिसत नाही, आणि हाच तिचा गुण.

पण समोरची बाजूही पावसाळा पाळत होती. मुंबईत इंग्रजांनी 1736मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडियांना जहाजबांधणीसाठी आणलं होतं, आणि 1750पर्यंत तिथे कोरडी गोदी तयार झाली होती. एप्रिल 1755मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. पुढचं लक्ष्य विजयदुर्गच होतं. पण पावसाळा जवळ आला म्हणून मुंबईकरांनी कमोडोर जेम्सला जहाजं घेऊन परत बोलावलं. लढाई थांबली आणि दोन्ही आरमारं आपापल्या घरी गेली.

त्या एका पावसाळ्याने तुळाजींना काही महिने दिले, आणि इंग्रजांनाही. नोव्हेंबरमध्ये ॲडमिरल वॉटसनची मोठी जहाजं मुंबईत आली आणि तिथे त्यांची डागडुजी झाली. फेब्रुवारी 1756मध्ये ती विजयदुर्गासमोर उभी राहिली. आंग्र्यांची गुराबं किल्ल्याच्या आडोशाला, खाडीत, एकमेकांना बांधून ठेवलेली होती. तोफगोळा पडून 'रिस्टोरेशन' या जहाजाला आग लागली. हे जहाज आंग्र्यांनीच काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडून जिंकलं होतं. एकाची आग दुसऱ्याला लागत गेली आणि जवळजवळ सगळं आरमार जागच्या जागी जळालं. समुद्रावर ज्यांना गाठणं कठीण, ती जहाजं घरातच संपली.

मला या प्रसंगातली जिव्हारी लागणारी गोष्ट अशी, की हे सगळं चालू असताना पेशव्यांची फौज जमिनीवरून इंग्रजांच्याच बाजूने उभी होती. ऑक्टोबरच्या तहानंतर विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. पुढे तिथे धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचं आरमार उभं राहिलं. पण जळालेली जहाजंही मराठीच होती, आणि त्यांच्या तळाला कुणीतरी वर्षानुवर्षं तेल पाजलेलं होतं. त्या माणसांची नावं कुठल्याच लढाईच्या वर्णनात नाहीत.

संध्याकाळी परत धक्क्यावर आलो तर छप्पर पूर्ण झालं होतं. काका शेवटची गाठ मारत होते. मी म्हटलं, "आता पावसाची भीती नाही." ते म्हणाले, "पावसाची कधी नव्हतीच रे. लाकूड सुकता कामा नये, भिजता कामा नये. मध्ये ठेवायला लागतं." मग त्यांनी झाप थोडं वर उचललं, वारा आत खेळेल इतकं, आणि गाठ पुन्हा सोडून नव्याने बांधली.