हात, मांड्या आणि श्वास

धनत्रयोदशीला वैद्य मंडळी धन्वंतरीची पूजा करतात आणि कडुनिंबाच्या पानांचा व साखरेचा प्रसाद वाटतात. सणाच्या दिवशी एवढा एक कडू घास चालत असेल, तर दिवाळी अंकात एका रोगाची कथा सांगावयास हरकत नसावी. रोग विरळा आहे. शंभरातल्या नव्याण्णव घरांना त्याचे नावही कधी ऐकावे लागणार नाही, आणि ते तसेच राहो. पण त्याचे एकेक अंग ओळखता ओळखता वैद्यकाची सव्वाशे वर्षे गेली. ती सारी अंगे एकाच रोगाची, हे अजूनही पुष्कळदा वेळेवर ध्यानात येत नाही. कथा सांगण्याचे कारण हेच.

रोग कसा चुकतो हे पाहण्यासाठी मैंदर्गी नजरेसमोर आणू. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या शिवेजवळचे हे नगरपालिकेचे गाव. भोवताली ज्वारीचे रान, आणि बाजारात मराठी व कानडी अशा एकमेकींत मिसळलेल्या की एका वाक्यात दोन्ही सापडाव्यात. मराठीतला ‘दम’ कानडीत ‘दम्मु’ होतो, एवढाच फरक. समजा, अशा गावातल्या एखाद्या चाळिशीच्या बाईच्या बोटांच्या कडा खरखरीत होऊन फाटल्या. घरचे म्हणतील, ज्वारीच्या काढणीने फाटल्या असतील. पुढे तिला उकिडवे बसले की गुडघ्यावर हात टेकल्याखेरीज उठवेना, फळीवरचा डबा काढताना हात वर जाईना, वेणी घालता घालता दंड भरून येऊ लागले. घरचे म्हणतील, अशक्तपणा आहे. मग कोरडा खोकला आला, बारीक ताप राहू लागला, विहिरीवरून येताना धाप लागू लागली. आता मात्र सर्वांना एकच शब्द सुचेल : क्षय. तीन तक्रारींना तीन कारणे मिळाली, आणि तिन्ही कारणे आपापल्या जागी अगदी शहाणपणाची. आपल्याकडे क्षय आहेच इतका, की छातीचा फोटो बिघडलेला दिसला म्हणजे थुंकीत जंतू न सापडताही त्याची औषधे सुरू झाल्याची उदाहरणे डॉक्टर मंडळी सांगतात. मधले महिने निघून जातात.

या रोगाचे मूळ दाह. दाह हा शब्द आपण पोटापासून मनापर्यंत कोठेही वापरतो, पण वैद्यकात त्याला नेमका अर्थ आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने त्याच्या चार खुणा सांगितल्या : लाली, सूज, ऊन लागणे आणि ठणका. आपल्या सुश्रुताने व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णन केल्या. सूज कच्ची असताना तिला शस्त्र लावू नये आणि पिकल्यावर उशीर करू नये, हे त्यामागचे मर्म. गळू झालेल्या माणसाला दोन्ही वर्णने तंतोतंत पटतील. पण आपल्या रोगातला दाह या दोघांनाही चकवतो. मांडीचा स्नायू आतून धुमसत असतो आणि वरून हात लावावा तर ना तो तापलेला, ना लाल. पुष्कळांना फारसे दुखतही नाही. नुसते बळ जाते. स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला म्हणजे मग दिसते, की पांढऱ्या पेशींनी स्नायूंच्या तंतूंभोवती आणि बारीक रक्तवाहिन्यांभोवती गर्दी केली आहे, आणि तंतू कडांकडून मरत चालले आहेत.

हे पाहण्याची दृष्टी प्रथम जर्मन वैद्यांना आली. १८६३ साली लाइपझिगच्या एर्न्स्ट वाग्नर याने एका रुग्णाचे वर्णन ‘एक दुर्मिळ स्नायुरोग’ अशा सावध मथळ्याखाली प्रसिद्ध केले. १८८७ साली वाग्नर, हेप आणि उनफेरिश्ट या तिघांनी एकाच वर्षी अशा रुग्णांची टिपणे छापली, आणि १८९१ साली उनफेरिश्टने त्वचा व स्नायू यांच्या जोडदुखण्याला ‘डर्मॅटोमायोसायटिस’ हे नाव दिले. नाव मोठे भारदस्त, पण त्यात श्वास नव्हता. या रोगात फुप्फुसेही धरतात हे मिल्स आणि मॅथ्यूज यांनी सांगितले ते १९५६ साली. १९७५ साली बोहान आणि पीटर यांनी निदानाचे जे निकष घालून दिले आणि जे पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानले गेले, त्यांतही फुप्फुसाला जागा नव्हती. फाटलेल्या बोटांची दखल तर १९७९ साली घेतली गेली. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्यांना ‘मेकॅनिकचे हात’ म्हटले. आपल्याकडे कोणी नाव ठेवले असते तर ते बहुधा काढणीवालीचे हात असे ठेवले असते, आणि मग ते कोणाच्या नजरेतही भरले नसते.

असे तुकडे हाती आले, पण ते सांधावयाचे कशाने? येथे एक मागचा धागा घेतला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एरलिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाचे मत होते, की शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र उचलण्याची भयंकर शक्यता टाळते. आपल्याच शरीराला विष होण्याचे निसर्गाला जणू भय वाटते, अशा अर्थाचे लॅटिन नाव त्याने त्याला दिले होते. १९०४ साली व्हिएन्नाच्या डोनाथ आणि लांडश्टायनर यांनी उलटे उदाहरण दाखवले, पण एरलिखच्या नावाचा दबदबा एवढा की अर्धे शतक त्याचेच म्हणणे चालले. १९५६ साली गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या एका रोगात ग्रंथीविरुद्धच प्रतिपिंडे सापडली, तेव्हा कोठे घरचाच पहारेकरी घर फोडू शकतो हे सर्वमान्य झाले.

मग या स्नायुरोगातला पहारेकरी कोणावर धावतो? १९८० साली निशिकाई आणि राइकलिन यांनी एका रुग्णाच्या रक्तात सापडलेल्या प्रतिपिंडाचा तपशील दिला. रुग्णाच्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून त्याला ‘जो-१’ म्हणतात. १९८३ साली मॅथ्यूज आणि बर्नस्टाइन यांनी त्याचे लक्ष्य शोधले, आणि ते ऐकून भल्याभल्यांची मती गुंग झाली.

ते लक्ष्य सोलापूरच्या वाचकाला मागाच्या भाषेत सांगितले तर लवकर कळेल. मागावर धोटा फिरतो, धोट्यात कांडी असते, आणि कांडीवर योग्य रंगाचे सूत आधीच भरून ठेवावे लागते. पेशीत प्रथिने विणली जातात तेव्हाही असेच घडते. वीस प्रकारची अमिनो आम्ले म्हणजे वीस रंगांचे सूत. ते वाहून नेणारा छोटा आरएनए ही कांडी. या कांडीची पहिली संपूर्ण रचना रॉबर्ट हॉली याने १९६५ साली उलगडली, आणि जनुकांच्या लिपीवरील कामासाठी १९६८ साली त्याला आपल्या हरगोविंद खोराना व मार्शल निरेनबर्ग यांच्यासह नोबेल मिळाले. आता, नेमक्या कांडीवर नेमके सूत चढवणारी जी कामगार मंडळी, त्यांना सिंथेटेज म्हणतात. ‘जो-१’ धावतो तो यांपैकी एकीवर. हिस्टिडीन नावाचे सूत भरणाऱ्या सिंथेटेजवर. पुढे तिच्या इतर बहिणींवर धावणारी प्रतिपिंडेही सापडली. १९९०च्या सुमारास स्नायू, फुप्फुस, सांधे, फाटलेली बोटे, ताप आणि थंडीत पांढरीनिळी पडणारी बोटे हे सारे मिळून एकच दुखणे आहे असे ठरले. ‘अँटिसिंथेटेज सिंड्रोम’ ते हेच.

चौकस वाचक विचारील, की ही कामगारीण तर प्रत्येक पेशीत आहे, मग घाव स्नायूंवर आणि फुप्फुसांवरच का? याचे पक्के उत्तर वैद्यकाजवळ अजून नाही. सुरुवात फुप्फुसातच होत असावी असे कित्येक संशोधकांना वाटते. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत अतिशय पातळ असते. दाहाने ती जाड होते, आणि दाह रेंगाळला तर तिथे व्रण धरतो. स्नायू पुष्कळसा सावरतो. व्रण धरलेले फुप्फुस पुन्हा मऊ होत नाही. मघाशी म्हटलेल्या मधल्या महिन्यांचा हिशेब तो हा.

औषधांच्या इतिहासात कॉर्टिसोनचे नाव पहिले. १९४८ साली मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रुग्णाला दिले आणि १९५० साली त्यांना आणखी दोघांसह नोबेल मिळाले. ही हकीकत सर्वश्रुत आहे. मला अधिक मोलाची वाटते ती दुसऱ्या औषधाची, मेथोट्रेक्सेटची, कारण तिचा उगम आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरणगावातल्या गरीब, गरोदर बायकांचे रक्त इतके का पांढरे पडते, हे तिला शोधावयाचे होते. या बायका काय खातात हे पाहता पाहता तिच्या ध्यानात आले, की दोष जंतूंचा नसून ताटाचा आहे. यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुण म्हणजे फॉलिक आम्ल. ते पुढे अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. तिथले प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, सोलापुरातले कित्येक विणकर घरी जी भाषा बोलतात त्या तेलुगूचे सुपुत्र. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना फॉलिक आम्लाने रक्ताच्या कर्करोगाची मुले अधिकच बिघडतात असे दिसले. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला, की हे आम्ल अडवणारे द्रव्य दिले तर? सुब्बारावांच्या मंडळींनी ते पुरवले आणि १९४८ साली त्याचा गुण जगापुढे आला. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. त्या द्रव्याचा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. कर्करोगासाठी जन्मलेले हे औषध अल्प मात्रेत उफाळलेला पहारेकरी शांत करते असे पुढे आढळले. गिरणगावातल्या त्या बायकांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत.

मात्र फुप्फुस धरलेले असेल तर डॉक्टर मेथोट्रेक्सेट जपून देतात किंवा टाळतात, कारण क्वचित ते स्वतःच फुप्फुसाला इजा करते. तेथे ॲझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट, टॅक्रोलिमस, रिटुक्सिमॅब अशी दुसरी अस्त्रे आहेत. दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचा त्वचा-स्नायुदाहात उपयोग होतो हे २०२२ साली मोठ्या चाचणीने दाखवले. शेवटच्या दोन-तीन औषधांच्या किमती ऐकून मात्र धाप न लागणाऱ्यालाही धाप लागावी.

ओळख पटवण्यास जे लागते ते त्या मानाने साधे आहे. सोलापुरास १९६३पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मैंदर्गीहून तिथपर्यंत एसटी जाते. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर तळाशी, मुलांच्या बुटाचा चिकटपट्टा ओढून उघडावा तशी करकर ऐकू येते. मोठ्या माणसाचा क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात बसतो, हा बहुधा खाली. रक्तातले स्नायूंचे क्रिएटिन कायनेज वाढलेले असते, प्रतिपिंडांची तपासणी होऊ शकते, छातीचा सीटी स्कॅन काढता येतो. पण या साऱ्याची चिठ्ठी लिहिली जाण्याआधी, खोकल्यासाठी आलेल्या बाईला कोणीतरी म्हणावे लागते : बाई, जरा हात पुढे करा, आणि आता खुर्चीला न धरता उठून दाखवा.