एचबीए१सी चाचणी

एचबीए१सी किंवा ग्लायकेटेड हिमोग्लोबिन चाचणी ही मागील सुमारे दोन ते तीन महिन्यांतील रक्तशर्करेच्या सरासरी पातळीचा अंदाज देणारी रक्तचाचणी आहे. मधुमेहाचे निदान करण्यासाठी व उपचारांचा दीर्घकालीन परिणाम तपासण्यासाठी ती वापरली जाते. या चाचणीसाठी उपाशी राहावे लागत नाही.

तत्त्व

रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला विकरांच्या मदतीविना हळूहळू जोडले जाते. रक्तशर्करा जितकी अधिक, तितके अशा हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. तांबडी पेशी साधारणपणे १२० दिवस जगते. म्हणून आदल्या दिवशीच्या आहाराचा निष्कर्षावर फारसा परिणाम होत नाही. मात्र शेवटच्या महिन्याचा वाटा सुमारे निम्मा असतो.

इतिहास

मधुमेही रुग्णांच्या रक्तात हा हिमोग्लोबिन प्रकार अधिक असल्याचे इराणी वैज्ञानिक सॅम्युएल राहबर यांना १९६०च्या दशकाच्या अखेरीस आढळले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डीसीसीटी' या अभ्यासाने पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, तर १९९८ मधील 'यूकेपीडीएस' या ब्रिटिश अभ्यासाने दुसऱ्या प्रकारात, रक्तशर्करेच्या काटेकोर नियंत्रणाने डोळे व मूत्रपिंडांचे विकार कमी होतात असे दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये निदानासाठी या चाचणीस मान्यता दिली.

निष्कर्षांचा अर्थ

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांनुसार:

* ५.७ टक्क्यांपेक्षा कमी – सामान्य
* ५.७ ते ६.४ टक्के – मधुमेहपूर्व अवस्था
* ६.५ टक्के किंवा अधिक – मधुमेह

लक्षणे स्पष्ट नसल्यास निदान दुसऱ्या तपासणीने पक्के केले जाते. ७ टक्के हे मूल्य सुमारे १५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर इतक्या सरासरी रक्तशर्करेशी जुळते. अनेक प्रौढ रुग्णांसाठी ७ टक्क्यांखालील उद्दिष्ट ठेवतात. वृद्धांसाठी किंवा रक्तशर्करा वारंवार धोकादायकरीत्या घटणाऱ्यांसाठी ते शिथिल केले जाते.

मर्यादा

तांबड्या पेशींचे आयुष्य बदलले की निष्कर्ष फसवा ठरू शकतो. पेशी लवकर नष्ट होणारा रक्तक्षय किंवा नुकताच झालेला रक्तस्राव यांमुळे मूल्य खोटे कमी येते. लोहाच्या कमतरतेमुळे ते खोटे वाढू शकते. सिकलसेल आजारात नेहमीचे हिमोग्लोबिन ए जवळजवळ नसल्याने ही चाचणी विश्वसनीय नसते, तर सिकलसेल वाहकांत योग्य चाचणीपद्धती निवडावी लागते. विदर्भ व नंदुरबारसारख्या, सिकलसेलचे प्रमाण अधिक असलेल्या भागांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. अशा वेळी रक्तशर्करेची थेट तपासणी किंवा दोन ते तीन आठवड्यांची सरासरी दर्शवणारी फ्रुक्टोसामाइन चाचणी करतात.

एचबीए१सी केवळ सरासरी दाखवते. दिवसभरातील चढउतार त्यातून कळत नाहीत. त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना ग्लुकोमीटरने नियमित तपासणी करावीच लागते.