असिनेल्ली मनोऱ्यावरील गोळे

इटलीतील बोलोन्या शहराच्या मध्यभागी दोन जुने मनोरे शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांपैकी असिनेल्ली हा उंच मनोरा सुमारे ९७ मीटरांचा. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती खरोखर घडली काय, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. बोलोन्याच्या मनोऱ्यावरून मात्र गोळे निश्चित टाकले गेले. ते टाकणारे येशूसंघाचे धर्मगुरू होते, आणि गॅलिलिओचा नियम चुकीचा ठरेल अशीच त्यांच्या प्रमुखांची अटकळ होती.

जड वस्तू तिच्या वजनाच्या प्रमाणात अधिक वेगाने खाली येते, हे ॲरिस्टॉटलचे मत. मातीचे नैसर्गिक स्थान खाली, अग्नीचे वर. प्रत्येक पदार्थ आपल्या घरी परतू पाहतो, अशी त्यामागची कल्पना. आज आपण तिला हसतो, परंतु ती रोजच्या अनुभवावर उभी होती. नारळ धपकन पडतो, वाळलेले पान रेंगाळत खाली येते, हे कोणाला दिसत नाही? या मताला धक्के देणारे लोकही बव्हंशी ख्रिस्ती विद्वानच होते: सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा फिलोपोनस, चौदाव्या शतकात पॅरिसचा बुरिदाँ, सोळाव्यात स्पेनचे दोमिनिकन धर्मगुरू दोमिंगो दे सोतो. तरीही प्रत्यक्ष मोजणी कोणी केली नव्हती.

गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या ग्रंथात नियम मांडला, की पडणारी वस्तू समान कालखंडांत जी अंतरे कापते, ती १, ३, ५, ७ अशा विषम अंकांच्या प्रमाणात वाढत जातात. पुढच्याच वर्षी, पृथ्वी फिरते या मताचा पुरस्कार केल्याबद्दल, रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरविले. अशा काळात फादर जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली (१५९८-१६७१) यांनी त्याचा पडण्याचा नियम तपासावयास घेतला.

अडचण होती ती वेळेची. सेकंद दाखविणारे विश्वासू घड्याळ तेव्हा नव्हते. रिच्चोलींनी लंबक टांगला आणि त्याचा एक झोका बरोबर एका सेकंदाचा आहे काय, हे ठरविण्यासाठी १६४२ साली नऊ धर्मबंधूंना कामाला लावले. एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत, आळीपाळीने, त्यांनी प्रत्येक झोका मोजला. दिवसाचे सेकंद ८६,४००. झोके भरले ८७,९९८. रिच्चोलींचे समाधान झाले नाही. लंबकाची लांबी बदलून पुन्हा चोवीस तासांची मोजणी झाली. या वेळी ८६,९९९. तरीही ते असमाधानीच! प्रार्थनेची, अध्यापनाची आणि झोपेची वेळ सांभाळणाऱ्या त्या बिचाऱ्या धर्मबंधूंना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

या खटाटोपातून त्यांना एक छोटा लंबक मिळाला, ज्याचे सेकंदाला सहा ठोके पडत. मग मनोरा. फादर फ्रान्चेस्को मारिया ग्रिमाल्दी हे त्यांचे प्रमुख सहकारी. गोळा निरनिराळ्या उंचीवरून सोडावयाचा आणि जमिनीवर आदळेपर्यंतचे ठोके मोजावयाचे, असा प्रयोग १६४० ते १६५० या दशकात पुनःपुन्हा झाला. पाच ठोक्यांत १० फूट, दहा ठोक्यांत ४०, पंधरात ९०, विसात १६०, पंचविसात २५०. वजाबाकी करून पाहावी: १०, ३०, ५०, ७०, ९०. गॅलिलिओचेच प्रमाण!

रिच्चोलींनी ही गोष्ट दडविली नाही. बोलोन्यातच गणिताचे प्राध्यापक असलेल्या काव्हालिएरी या गॅलिलिओच्या अनुयायाला त्यांनी ती कळविली आणि १६५१ च्या आपल्या ‘अल्माजेस्तुम नोव्हुम’ या प्रचंड ग्रंथात आकड्यांसह छापली. त्याच ग्रंथात गॅलिलिओविरुद्धचा निकालही त्यांनी समग्र छापला आहे. सारख्याच आकाराच्या दोन गोळ्यांपैकी जड गोळा थोडा आधी पोहोचतो, हेही त्यांनी नोंदले. हवेचा अडथळा हे त्याचे कारण. नियम निर्वात पोकळीचा, आणि मनोरा हवेत उभा.

येथे थांबलो तर कथा गोड होईल, परंतु खरी होणार नाही. पृथ्वी फिरते हे रिच्चोलींनी अखेरपर्यंत मानले नाही. निकालाचे दडपण त्यामागे नव्हते असे कोण म्हणेल? पण केवळ आज्ञापालन म्हणून हे मत निकालात काढणेही अन्यायाचे होईल. त्यांचा युक्तिवाद असा: पृथ्वी फिरत असेल, तर उत्तरेकडे डागलेला तोफगोळा सरळ न जाता बाजूला सरकावयास हवा, प्रत्यक्षात तसे दिसत नाही, म्हणून पृथ्वी स्थिर आहे. यातले पहिले विधान अगदी बरोबर आहे. चूक दुसऱ्यात होती. गोळा सरकतो, पण इतका थोडा की त्या काळच्या तोफांच्या नेमात तो फरक कळणे अशक्य होते.

याचे उत्तर त्याच मनोऱ्यावर मिळाले, हे नियतीचे नव्हे तर चिकाटीचे फळ म्हणावे. १६७९ मध्ये न्यूटनने हूकला लिहिलेल्या पत्रात सुचविले, की उंचावरून सोडलेली वस्तू किंचित पूर्वेकडे पडावी. १७९१ साली बोलोन्याचेच एक धर्मगुरू, गुल्येल्मिनी यांनी असिनेल्ली मनोऱ्याच्या आत, वारा लागणार नाही अशा बेताने गोळे सोडले. ते पूर्वेकडे सरकले, अंतर दोन सेंटिमीटरांच्या आत. या विचलनाचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस याने १८३५ मध्ये मांडले. त्याच वर्षीच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून गॅलिलिओचे पुस्तक अखेर वगळले गेले. गॅलिलिओच्या बाबतीत धर्मपंडितांची चूक झाली, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी स्पष्ट सांगितले. ही कबुली फार उशिरा आली, असे मला वाटते.

न्यूटनचा १६८७ चा सिद्धान्तही शेवटचा शब्द नव्हता. गुरुत्वाकर्षण किती हे त्याने सांगितले, ते कशामुळे हे सांगण्याचे मात्र त्याने टाळले. बुधाची कक्षा शतकाला सुमारे ४३ विकलांनी अधिक सरकते, ते कोडे १८५९ मध्ये ल व्हेरिए याने पुढे आणले. त्याने एका अज्ञात ग्रहाची कल्पना केली. तो ग्रह कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा अर्थच बदलला, तेव्हा त्या ४३ विकलांचा हिशेब लागला. आणि त्याच समीकरणांतून, विश्व प्रसरण पावत आहे असा निष्कर्ष १९२७ साली काढला तो बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांनी.

रिच्चोली व ग्रिमाल्दी यांनी चंद्राचा नकाशाही काढला होता. त्यावरील कितीतरी नावे आजही चालू आहेत. १९६९ साली माणूस प्रथम उतरला तो ‘शांतीचा सागर’ त्यांतलाच. स्वतःच्या नावाची विवरे त्यांनी चंद्राच्या कडेला ठेवली. ज्याचे मत त्यांना मान्य नव्हते, त्या कोपर्निकसला मात्र साध्या दुर्बिणीतूनही सहज दिसणारे एक तेजस्वी विवर दिले.