नावाला ओ

संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट आमच्या वसईत सगळ्यांनाच ठाऊक. आजी मात्र ती सांगताना मात्तियासपाशी रेंगाळायची.

गोन्सालो वसईचा, बाप पोर्तुगीज, आई इथलीच. आधी जपानात राहिलेला, त्यामुळे जपानी अस्खलित बोलायचा. व्यापारात जम बसला होता, तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि पुन्हा जपानात गेला. 1596 च्या अखेरीस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली. शिपाई यादीतली नावं पुकारत होते. त्यातला मात्तियास जागेवर नव्हता. तेव्हा शेजारचा एक माणूस पुढे झाला: माझंही नाव मात्तियास, मीही ख्रिस्ती. शिपायांना तेवढं पुरलं.

“गप बसला असता तर कुणी विचारलंही नसतं,” आजी म्हणायची, आणि आम्हा पोरांकडे एकेक करून बघायची.

क्योतोत गोन्सालोसह चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली. ऐन थंडीत नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालवलं. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही धरलं, म्हणून सव्वीस. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सगळे क्रुसावर गेले. त्यांत बारा वर्षांचा लुईसही होता.

आजीची गोष्ट इथे संपायची. पुढचं मी मोठेपणी वाचलं, आणि मला ते अधिक जवळचं वाटतं. ख्रिस्ती धर्मावरच्या 1614 च्या देशव्यापी बंदीनंतर काही दशकांत जपानात एकही धर्मगुरू उरला नाही. नागासाकीत लोकांना दरवर्षी ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. अनेकांनी ठेवला. घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना केली, आणि पोरांना बाप्तिस्माही आपणच दिला. त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सात पिढ्या जे टिकलं, ते या लोकांनीच टिकवलं.

17 मार्च 1865 रोजी उराकामीचे काही गावकरी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये आले. हे नवं चर्च त्याच सव्वीस जणांना वाहिलेलं. गोन्सालोही त्यांत आला. तिथल्या फादर पेतिजाँ यांना त्यांच्यातल्या एका बाईने हळूच सांगितलं, की आमचं आणि तुमचं मन एकच. मग विचारलं, मरियेची मूर्ती कुठे आहे?

बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. ओळख दिल्यावर उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना हद्दपार केलं गेलं, आणि 1873 मध्ये परत यायची मुभा मिळेपर्यंत त्यांतले सहाशेहून अधिक दगावले होते. परतलेल्यांनी आधी शेती पुन्हा उभी केली, मग आपलं चर्च बांधायला घेतलं.