पहिली एस. टी. आणि दौंडचा वळसा

अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला जायला १८७८ पासून रेल्वे होती. पण ती दौंडमार्गे, सुमारे १६० किलोमीटरचा वळसा घेऊन. थेट रस्ता १२० किलोमीटरचा. नकाशावर दोरा ठेवून हा फरक आपण वर्गात मोजू शकतो. अंतराहून महत्त्वाचे असे, की सुपा, शिरूर ही रस्त्यावरची गावे रेल्वेला लागतच नाहीत. तेथील प्रवाशांची भिस्त खाजगी मोटारींवर असे, आणि त्या बहुधा भरल्यावरच सुटत. १ जून १९४८ रोजी याच रस्त्यावर मुंबई सरकारची पहिली एस. टी. धावली. गाडी भरो वा न भरो, वेळ झाली की सुटायची, हे आम्हांला इंजिनाहूनही मोठे वाटते. त्या फेरीचे चालक होते किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे.