आश्रय आणि अट : अमेरिकेतील कला-अनुदानाचा इतिहास

कलेला आश्रय देणाऱ्याने कलावंताकडून काय मागावे, हा प्रश्न जुना आहे. राजदरबारांत तो फारसा विचारला गेला नाही. तेथे देणाऱ्याची मर्जी हाच नियम असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शाहिरांना बिदागी मिळाली, तेव्हा कोणी अर्ज केला नव्हता आणि कोणी पात्रतेचे दाखलेही मागितले नव्हते. लोकशाही राज्यव्यवस्थेत मात्र कलेसाठी खर्च होणारा पैसा करदात्यांचा असतो. तो कोणाला दिला आणि का दिला, याचे उत्तर प्रत्येक नागरिकाला द्यावे लागते. त्यामुळे मर्जीची जागा नियमाने घेतली आणि दरबाराची जागा समितीने. नियमामुळे पक्षपात कमी होतो हे खरे. पण नियमाच्या शब्दांतूनही सत्ता बोलू शकते. या दुहेरी अनुभवाचा सर्वांत तपशीलवार आणि न्यायालयीन कसोटीला उतरलेला इतिहास अमेरिकेतील ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ या संस्थेचा आहे.

२९ सप्टेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी या संस्थेला जन्म देणाऱ्या कायद्यावर सही केली. सरकारने कलेला पैसा द्यावा ही कल्पनाच अमेरिकेत अनेकांना संशयास्पद वाटत होती. म्हणून कायदा करणाऱ्यांनी आरंभीच एक कलम घातले : अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या धोरणावर वा कारभारावर संघराज्याच्या कोणत्याही खात्याने नियंत्रण ठेवू नये. पात्रतेच्या मूळ अटी साध्या होत्या. संस्था नफा न मिळवणारी असावी आणि अनुदानाइतकीच रक्कम तिने अन्य मार्गांनी उभी करावी. असामान्य गुणवत्तेच्या व्यक्तींनाही साहाय्य देण्याची तरतूद होती. अर्जांची छाननी त्या त्या क्षेत्रातील जाणकारांच्या मंडळाने करावी, राष्ट्रीय कला परिषदेने सल्ला द्यावा आणि अंतिम निर्णय अध्यक्षांनी घ्यावा, अशी रीत रूढ झाली. पहिले अनुदान १९६५च्या डिसेंबरात ‘अमेरिकन बॅले थिएटर’ला मिळाले; ते एक लाख डॉलरचे होते.

यातील समान रकमेची अट वरवर निरुपद्रवी दिसते. सरकारी पैशाबरोबर समाजाचाही पैसा कलेकडे वळावा, हा तिचा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. परंतु ज्या संस्थेच्या मागे धनिक देणगीदार आहेत तिला ही अट सोपी आणि जिच्या मागे केवळ वस्तीतले गरीब प्रेक्षक आहेत तिला ती अवघड, हेही ओघानेच आले. कलाकृतीच्या आशयाविषयी एक अक्षरही न बोलणारी अट कोणती कला जगावी हे ठरवू शकते. पात्रतेच्या नियमांचा विचार करताना अशा मूक अटींकडे सहसा दुर्लक्ष होते, कारण वाद होतो तो बोलक्या अटींवरून.

वादाची पहिली ठिणगी साहित्यातूनच पडली, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एरॅम सरोयान या तरुण कवीची अवघ्या एका शब्दाची कविता, तीही रूढ शुद्धलेखन मोडणारी, एन्डाउमेंटच्या पैशातून निघणाऱ्या एका वार्षिक संग्रहासाठी निवडली गेली आणि कवीला पाचशे डॉलर मिळाले. एका शब्दासाठी एवढी रक्कम, हा हिशेब काँग्रेसमधील काही सदस्यांना सहन झाला नाही. जॉर्ज प्लिम्प्टन यांच्यासारखा अनुभवी संपादक या निवडीच्या पाठीशी होता. पण काव्याचे मोल आणि शब्दांची संख्या यांचा संबंध नाही, हे सभागृहात पटवून देणे सोपे नव्हते. अश्लीलतेचा येथे प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो सामान्य करदात्याला जे कळत नाही त्यावर त्याचा पैसा खर्च करावा की नाही, हा. पुढील सर्व वादांचे बीज त्यात होते.

हे बीज १९८९ साली उगवले. अँड्रेस सेरानो यांच्या एका छायाचित्रात मूत्रात बुडवलेला क्रूस होता. ज्या कला-केंद्राने त्यांना पंधरा हजार डॉलरचे पारितोषिक दिले, त्याला एन्डाउमेंटचे साहाय्य होते. त्याच सुमारास, नुकतेच निधन पावलेले छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्या प्रदर्शनासाठी फिलाडेल्फियातील एका संस्थेला तीस हजार डॉलर मिळाले होते. त्यातील काही समलैंगिक विषयांवरील छायाचित्रांनी गदारोळ उडाला. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन कलादालनाने जूनमध्ये ते प्रदर्शन आयत्या वेळी रद्द केले. काँग्रेसने एन्डाउमेंटच्या अंदाजपत्रकातून नेमके पंचेचाळीस हजार डॉलर कापले. कोट्यवधींच्या निधीत ही रक्कम क्षुल्लक होती; पण दोन अनुदानांची ती बेरीज असल्याने तिचा अर्थ सर्वांना कळला.

त्यापाठोपाठ अश्लील कृतींना साहाय्य देण्यास मनाई करणारी अट कायद्यात आली आणि एन्डाउमेंटने अनुदान घेणाऱ्यांकडून तसे लेखी प्रमाणपत्र मागण्यास आरंभ केला. नाट्यनिर्माते जोसेफ पॅप यांनी अशी सही करण्यापेक्षा अनुदान नाकारणे पसंत केले. नृत्यरचनाकार बेला लेविट्स्की न्यायालयात गेल्या आणि १९९१च्या जानेवारीत त्यांच्या बाजूने निकाल लागला. अट इतकी संदिग्ध आहे की सही करणारा भीतीपोटी कायदेशीर अभिव्यक्तीही टाळेल, असे न्यायालयाला वाटले. कलेच्या क्षेत्रात निर्बंधाचा खरा परिणाम नाकारलेल्या अर्जांत मोजता येत नाही. जे अर्ज कधी लिहिलेच गेले नाहीत, त्यांत तो दडलेला असतो.

दरम्यान १९९० साली काँग्रेसने कायद्यात नवे शब्द घातले. अर्जांचा विचार करताना कलात्मक गुणवत्तेबरोबर शालीनतेचे सर्वसामान्य निकष आणि अमेरिकन जनतेच्या विविध श्रद्धा व मूल्ये यांविषयीचा आदर लक्षात घ्यावा, असे ते कलम होते. जाणकारांच्या मंडळांत सामान्य नागरिकही असावेत, असेही ठरले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अध्यक्ष जॉन फ्रॉनमायर यांनी कॅरेन फिन्ली, जॉन फ्लेक, हॉली ह्यूज आणि टिम मिलर या चार प्रयोगकारांची अनुदाने नाकारली. मंडळाने त्यांची शिफारस केली होती. चौघे न्यायालयात गेले. वैयक्तिक अनुदानांचा दावा १९९३ साली तडजोडीने मिटला. शालीनतेच्या कलमाचा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

२५ जून १९९८ रोजी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ते कलम वैध ठरवले. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्या निर्णयाचा आशय असा की, कलम विशिष्ट मताला बंदी घालत नाही, ते केवळ विचारात घ्यावयाची एक बाब सांगते. आणि गुणवत्तेची निवड ही मुळातच मूल्यनिर्णयावर उभी असते. न्यायमूर्ती स्काल्या निकालाशी सहमत होते, पण त्यांचे कारण अगदी वेगळे होते : कलम मतामतांत भेद करतेच, आणि पैसा देताना तसा भेद करण्याचा सरकारला अधिकार आहे. न्यायमूर्ती सूटर यांनाही भेद दिसला. मात्र तो घटनाबाह्य आहे असे त्यांचे मत पडले. एकाच वाक्याची ही तीन वाचने साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळ्या कारणाने उद्बोधक वाटतील. ‘लक्षात घ्यावे’ या क्रियापदाला आज्ञा मानायचे की सूचना, यावर कलावंताचे स्वातंत्र्य अवलंबून राहिले.

न्यायालयाचा निकाल येण्यापूर्वीच काँग्रेसने अधिक परिणामकारक उपाय योजला होता. १९९६च्या आर्थिक वर्षात एन्डाउमेंटचा निधी सोळा कोटी तेवीस लाख डॉलरवरून नऊ कोटी पंचाण्णव लाखांवर आला आणि व्यक्तिगत कलावंतांची अनुदाने जवळजवळ बंद झाली. चित्रकार, छायाचित्रकार, प्रयोगकार अपात्र ठरले. जाझ आणि पारंपरिक लोककला यांचे सन्मान टिकले आणि साहित्यिकांची पाठ्यवृत्ती टिकली. तिच्या अटी पूर्वप्रकाशित लेखनाच्या असत : स्वखर्चाने काढलेले पुस्तक ग्राह्य नसे आणि हस्तलिखित लेखकाचे नाव झाकून वाचले जाई. नाव झाकल्याने ओळखीला आणि कीर्तीला वाव उरत नव्हता; परंतु ज्याला कोणी प्रकाशक भेटला नाही तो लेखक दाराबाहेरच राही. २०२५च्या ऑगस्टमध्ये पुढील वर्षासाठी हीही पाठ्यवृत्ती रद्द झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत लिंगभावाविषयीच्या एका विशिष्ट विचारसरणीचा पुरस्कार करणार नाही, असे प्रमाणपत्र अर्जदारांकडून मागितले गेले होते. ऱ्होड आयलंडमधील न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ते धोरण अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरवले. पस्तीस वर्षांनी प्रमाणपत्राचा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर आला.

भारताचा अनुभव निराळ्या वाटेने गेला आहे. साहित्य अकादेमीची स्थापना १९५४ साली झाली आणि १९५५च्या पहिल्या पुरस्कारांत मराठीसाठी लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाची निवड झाली. शासनाने पैसा द्यावा आणि निवड साहित्यिकांनी करावी, हे तत्त्व येथे मान्य झाले. तरीही तत्त्व मान्य असणे आणि ते पाळले जाणे यांत अंतर राहते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. त्या निर्णयाच्या निषेधार्थ काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. पुस्तकाविषयी मतभेद असू शकतात. पण जाणकारांनी निवड केल्यानंतर ती फिरवण्याचा अधिकार कोणाचा, हा फ्रॉनमायर यांच्या निर्णयाने उभा केलेला प्रश्नच येथे मराठीत विचारला गेला.

अटींवाचून सार्वजनिक अनुदान संभवत नाही. तसे ते दिले तर पुन्हा मर्जीचा दरबार भरेल. मात्र अटी अर्जापूर्वी ठरलेल्या असाव्यात, त्यांचे शब्द सर्वांना सारखेच कळावेत आणि निवड झाल्यावर त्या बदलू नयेत, एवढे या साठ वर्षांच्या इतिहासावरून निश्चित म्हणता येते. कोणती अट कोणाला दाराबाहेर ठेवते, याची नोंद मात्र कोणतेही खाते ठेवत नाही. ती ठेवण्याचे काम वाङ्मयाच्या आणि कलेच्या इतिहासकाराकडेच येते.